छायाचित्रात न आलेले घर

कवितासंग्रह निघाला की त्याचे परीक्षण होते. नाटक रंगभूमीवर आले की नेपथ्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळ्याची झडती घेतली जाते. घराच्या वाट्याला मात्र समीक्षा येत नाही, अभिनंदन येते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हातून आयुष्यात जी सर्वांत मोठी निर्मिती होते ती घराची. भविष्य निर्वाह निधी, घरातल्या बाईचे दागिने, गावाकडच्या जमिनीचा तुकडा आणि वर वीस वर्षांचे कर्ज एवढे सगळे त्यात ओतलेले असते. आपण वास्तुशांतीला जातो, वर-खाली फिरून येतो, ‘छान झालंय हं’ म्हणतो, आहेराचे पाकीट हातात ठेवतो आणि जेवून परततो. एवढ्या मोठ्या कृतीविषयी एवढे लहान वाक्य बोलून आपण थांबतो.

मराठी साहित्याने घराकडे पाहिले नाही असे नाही. पण पाहिले ते बहुधा पडत्या घराकडे. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले, आणि ढासळणाऱ्या वाड्याबरोबर ढासळणारे कुटुंब आपण डोळ्यांनी पाहिले. आपल्या बेळगावचे प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ १९९४ मध्ये आला. त्यातल्या लंपनचे सगळे जग आजी-आजोबांच्या घराभोवती उभे आहे. जुन्या घराला असे लेखक लाभले. नव्या घराला मात्र अजून कोणी धड वाचलेले नाही. ते नुसते दाखवले जाते.

मी स्थापत्यशास्त्राचा माणूस नाही. तीस वर्षे मराठी शिकवली आणि आता निवृत्त आहे. बेळगावच्या नव्या वसाहतींतून गेल्या काही वर्षांत इतक्या वास्तुशांतींची आमंत्रणे आली, की एकाच साहित्यप्रकाराची पुस्तके ओळीने वाचावीत तशी ही घरे मी पाहत गेलो. त्यांचा एक नमुना मनात तयार झाला. तीस बाय चाळीसची साइट, खाली मोटार, हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन किंवा तीन खोल्या, त्याच्यावर गच्ची. या लेखात कोणा एकाचे घर नाही, हा नमुना आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की हे घर आधी छायाचित्रात पाहिले गेले आणि मग बांधले गेले. त्यामुळे जे छायाचित्रात येत नाही, ते ते घरातून निघून गेले. काय काय गेले, ते पुस्तक वाचावे तसे मुखपृष्ठापासून पाहू.

*

दर्शनी भागाला आता सगळेच ‘एलिव्हेशन’ म्हणतात. पांढरे आणि राखाडी चौकोन एकमेकांत अडकवलेले, मध्ये लाकडी भासणारी एक पट्टी, काचेचा कठडा, वर सपाट स्लॅब. कौले नाहीत हे समजू शकते, कारण गच्ची हवी असते. पण छप्पर भिंतीच्या बाहेर येतच नाही. खिडकीवर चज्जा असला तर तो वीतभर, आणि पुष्कळदा तोही नाही, कारण चज्जाने चौकोनाची रेघ तुटते.

बेळगाव अडीच हजार फूट उंचीवर आहे आणि पश्चिम घाट त्याच्या उशाला आहे. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत आणि वाऱ्यासकट तिरका. अशा गावात बिनचज्जाच्या खिडकीचे काय होते? जूनमध्ये सरकत्या काचा बंद होतात आणि त्या दसऱ्यापर्यंत उघडत नाहीत. घरात कोंदट वास येतो, मग त्यावर सुगंधी फवारा येतो. बाहेरच्या पांढऱ्या भिंतीवर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात कठड्यापासून खाली काळे ओघळ उतरतात. छायाचित्र काढले होते ते डिसेंबरात.

वर्गात मला याचा वेगळाच प्रत्यय येई. ‘वळचण’ हा शब्द धड्यात आला की पूर्वी तो समजवावा लागत नसे. पुढेपुढे फळ्यावर चित्र काढावे लागू लागले. पागोळ्यांचेही तेच झाले. ज्या घराला वळचणच नाही, त्या घरातल्या मुलाला पावसात दुसऱ्याच्या वळचणीला उभे राहणे म्हणजे काय हे कसे कळावे? शब्द कोशात राहतो, त्याची वस्तू मात्र गावातून जाते. अशा वेळी भाषेची काळजी करणाऱ्यांनी घराच्या नकाशाचीही थोडी काळजी करायला हवी.

हा सपाट पांढरा चौकोन आला कुठून? त्याच्या पूर्वजांत एक घर फार प्रसिद्ध आहे. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने पॅरिसजवळ प्वासी येथे १९२८ ते १९३१ या काळात बांधलेला व्हिला साव्हॉय. बारीक खांबांवर तोललेली पांढरी पेटी, आडव्या लांब खिडक्या, सपाट छप्पर. घराकडे एक यंत्र म्हणून पाहावे असे म्हणणारा हा माणूस होता, आणि त्या घराच्या छायाचित्रांनी जगभरच्या वास्तुकारांना वेड लावले. पण ते घर गळत होते. साव्हॉयबाईंनी गळतीविषयी वास्तुकाराला तक्रारीची पत्रे लिहिली. युद्ध आले आणि १९४० पर्यंत ते कुटुंब घर सोडून गेलेले होते. पुढे १९६५ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले आणि २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. स्मारक म्हणून ते थोर आहे. पण त्याच्यात राहणाऱ्या बाईचे मत इतिहासाने तळटीपेत ठेवले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. हाच कॉर्बुझिए पन्नाशीच्या दशकात अहमदाबादला आला तेव्हा तो बदलला. तिथल्या साराभाईंच्या घरावर त्याने कमानीदार छत घातले, त्यावर माती टाकून गवत लावले, वाऱ्याच्या दिशेला खोल पडव्या ठेवल्या. शोधनांच्या घरावर छत्रीसारखे वेगळे छप्पर उभारले आणि खिडक्यांपुढे उन्हाला अडवणारे जाड काँक्रीटचे पडदे दिले. म्हणजे परदेशी वास्तुकाराला आपले ऊन आणि पाऊस दिसले. आपण मात्र त्याचे अहमदाबाद सोडून प्वासी उचलले. तेही समजून उचलले नाही, नकलेच्या नकलेवरून उचलले.

*

आता आत जाऊ. आत जाऊ म्हटले, पण आत जाण्याची वाटच बदलली आहे. जुन्या घरात रस्ता, मग पायरी, मग सोपा किंवा पडवी, मग माजघर अशा टप्प्यांनी माणूस आत येई. नव्या घरात फाटक उघडले की मोटार, मोटारीला वळसा घातला की दार, आणि दार उघडले की एकदम सोफा. मधला टप्पा मोटारीने घेतला.

तो गेल्याने काय बिघडले, हे घरी येणाऱ्या माणसांची यादी केली की कळते. वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरे, गावाकडून तांदळाचे पोते घेऊन आलेला वाटेकरी, मीटर पाहणारा, कोथिंबीर विकणारी, आणि फक्त दोन मिनिटे बोलायला आलेली शेजारीण. ही सगळी माणसे पाहुणे नाहीत आणि परकीही नाहीत. सोप्यावर त्यांना जागा होती. आता त्यांना एक तर फाटकाबाहेर उभे करायचे, नाही तर चपला काढायला लावून पांढऱ्या सोफ्याच्या टोकाला बसवायचे. दोन्हीकडे सारखाच अवघडलेपणा असतो. शेजारीण मग येत नाही, फोन करते.

गोव्याच्या घरांनी ही जागा फार सुंदर सांभाळली होती. ख्रिस्ती घरापुढचा बाल्कांव पाहा. दाराबाहेर छपराखाली समोरासमोर दोन बाके, बसणारा ना रस्त्यावर ना घरात. हिंदू घरात आतल्या राजांगणाभोवती ओसरी, मध्ये तुळस, वर आकाश. ही सजावट नव्हती. पावसाला आणि माणसाला एकाच वेळी जागा देण्याची ती युक्ती होती.

ही युक्ती श्रीमंताच्या वाड्यालाच परवडते असेही नाही. इंदूरजवळची अरण्य वसाहत हा त्याचा पुरावा आहे. पुण्यात १९२७ साली जन्मलेले आणि २०२३ मध्ये निवर्तलेले बाळकृष्ण दोशी यांनी ऐंशीच्या दशकात ती आखली. सुमारे साडेसहा हजार भूखंड, बहुसंख्य गरीब कुटुंबांसाठी, सर्वांत लहान भूखंड पस्तीस चौरस मीटरच्या आसपास. पुष्कळांना पूर्ण घर मिळाले नाही. जोते, संडास-न्हाणीचा गाभा आणि फार तर एक खोली मिळाली. बाकी घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे होते. पण कसे वाढवता येईल हे दाखवण्यासाठी जी ऐंशी घरे नमुन्यादाखल बांधली, त्यांत रस्त्याकडे ओटला, बाहेरचा जिना, छोटा सज्जा या गोष्टी होत्या. पस्तीस चौरस मीटरात ओटल्याला जागा निघते आणि आपल्या बाराशे चौरस फुटांत निघत नाही, तेव्हा अडचण जागेची नसते. १९९५ मध्ये या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये दोशींना प्रित्झ्कर. आपल्याकडे त्या बातमीचे कौतुक झाले, पण त्यांच्या ओटल्याचे अनुकरण कोणी केले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, नाही तर हा लेख जुन्या वाड्याची आरती होईल. सोपा सगळ्यांचा नव्हता. कोण सोप्यावर बसणार, कोण पायरीवर, आणि कोण अंगणातच उभा राहणार हे जातीने ठरलेले होते. पाणी वरून ओतले जाई. ज्यांच्या आजोबांना त्या पायरीवर थांबवले गेले, त्यांच्या नातवाने आपले घर बांधताना तो सोपा नको म्हटला, तर त्याला कोणी शहाणपण शिकवू नये. मला हवा आहे तो सोप्याचा उपयोग, त्यावरची उतरंड नको आहे. येईल त्याने न विचारता टेकावे अशी चार-पाच फुटांची छपराखालची जागा, आणि तिच्यावर सर्वांसाठी एकच कट्टा. हे आजवर जुन्या घराला जमले नव्हते. ते नव्या घराने करून दाखवायला हरकत नव्हती.

*

हॉलमध्ये एक भिंत दूरचित्रवाणीची. तिच्याभोवती उभे-आडवे कप्पे, कप्प्यांत छुपे दिवे, दिव्यांखाली बुद्धाचे मस्तक किंवा काचेचे हत्ती. पुस्तकांसाठी फळी शोधण्याची मला खोड आहे. बहुतेक घरांत ती सापडत नाही. यजमान वाचत नाहीत असे नाही. त्यांची पुस्तके वरच्या खोलीत पलंगाखालच्या खणात असतात, कारण वेगवेगळ्या उंचीची आणि रंगांची पाठकोरे ‘थीम’मध्ये बसत नाहीत. वाचकांनी हा दिवाळी अंक कुठे ठेवला आहे हे एकदा पाहावे. घर कोणासाठी सजवले आहे त्याचा अंदाज येईल.

स्वयंपाकघराला मात्र मी ‘छान’ हा शब्द मनापासून वापरतो. जुन्या स्वयंपाकघराचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यात स्वयंपाक केलेला नसतो. एक झरोका, चुलीचा धूर, ओल, खाली बसून उठून गुडघे गेलेल्या बायका. उभ्याने काम करायचा कट्टा, नळ, उजेड आणि गॅस या चार गोष्टींनी बाईचे आयुष्य जितके बदलले तितके पुष्कळ सामाजिक ठरावांनी बदलले नाही. आणि स्वयंपाकघर हॉलला उघडे झाले, म्हणून रांधणारी व्यक्ती गप्पांच्या बाहेर राहिली नाही, हेही नव्या घराच्या जमेला धरले पाहिजे.

तक्रार आहे ती पुढच्या पायरीवर. आज ज्याला ‘मॉड्युलर किचन’ म्हणतात त्याचे मूळ १९२६ सालच्या फ्रँकफुर्टमध्ये आहे. तिथल्या नव्या कामगारवस्त्यांसाठी मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुकार स्त्रीने साडेसहा चौरस मीटरचे एक स्वयंपाकघर तयार केले, आणि पुढे त्याच्या सुमारे दहा हजार प्रती घराघरांत बसल्या. तिने रंगापासून सुरुवात केली नाही. काम करणाऱ्या बाईची पावले किती पडतात, हात कुठे पोचतो, हे वेळ मोजून पाहिलेले अभ्यास तिने आधाराला घेतले. रेल्वेच्या भोजनडब्यातले चिंचोळे स्वयंपाकघर नमुना म्हणून पाहिले. खिडकीशी बसून भाजी चिरता यावी म्हणून फिरते स्टूल दिले. पीठ, तांदूळ, साखर यांसाठी नावे घातलेले अॅल्युमिनियमचे खण दिले. कचरा सरळ ओढता यावा असे भोक कट्ट्यालाच ठेवले. त्या स्वयंपाकघरावर पुढे टीकाही झाली. एकटीनेच काम करावे इतके ते लहान होते, आणि त्याने बाईला बाकीच्या घरापासून तोडले. टीका रास्त होती. पण टीका करता आली याचे कारण त्यामागे एक विचार होता.

आपल्याकडे सुतार किंवा कंपनीचा माणूस येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘वहिनी, शेड कुठली?’ लाल की राखाडी, चकचकीत की मॅट. वहिनींची उंची किती हे तो विचारत नाही. कट्टा ठरल्या मापाचा येतो. पाच फुटांच्या बाईला पोळी लाटताना खांदे उचलावे लागतात. सीमाभागातल्या घरात वर्षाचा तांदूळ गावाकडून येतो, आंबेमोहोराची नाही तर बासमतीची दोन पोती तरी असतात. त्यांना जागा नसते. ती जिन्याखाली उंदरांच्या स्वाधीन होतात. कोठीची खोली नकाशात नाही, कारण रिकाम्या फळ्यांच्या खोलीचे छायाचित्र कोण काढणार? मोरी नाही, म्हणून भांडी घासणारी बाई मागच्या दीड फुटी बोळात, नळाशी, पावसात बसते. पापड-कुरडया वाळवायला गच्ची आहे खरी, पण तिथे जायचा जिना वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीच्या दारातून जातो. हे सगळे कोणी दुष्टपणाने केलेले नाही. विचारलेच गेले नाही, एवढेच.

*

वरच्या मजल्यावर सामानसुमानाचा प्रश्न अधिक उघड होतो. जुन्या घरातले सामान सुटे होते. खाट, ट्रंक, आरामखुर्ची, फडताळ. थंडीत खाट उन्हाच्या पट्ट्याकडे सरके, उन्हाळ्यात दाराशी येई. मुलीचे लग्न झाले की खोलीचे रूप बदले. आता प्लायवूडचे कपाट भिंतीत, पलंग कपाटात, टेबल पलंगाला आणि सगळे मिळून जमिनीला जडवलेले. पहिल्याच दिवशी घर ‘पूर्ण’ होते. त्यात नंतर काही सरकत नाही.

पण माणसे सरकतात. मूल पाच वर्षांचे असते तेव्हा त्याच्या खोलीत मोटारगाडीच्या आकाराचा पलंग बसवतात. कर्जाचे निम्मे हप्ते फिटण्याआधी ते पंधरा वर्षांचे होते, आणखी काही वर्षांत पुण्याला किंवा बंगळूरला जाते. मोटारगाडी राहते. दुसरीकडे आई-वडील म्हातारे होत असतात. त्यांची खोली खाली असली तर उत्तम, पण खालची खोली पुष्कळदा भाड्याला जाते किंवा तिच्या जागी दुसरी मोटार येते. न्हाणीघराचे दार सव्वादोन फुटांचे, त्यातून चाकांची खुर्ची जात नाही. आत दोन इंचांची पायरी आणि आरशासारखी गुळगुळीत फरशी. भिंतीला धरायला दांडा नसतो, कारण दांडा इस्पितळासारखा दिसतो. घर बांधणारा साधारण पंचेचाळिशीचा असतो आणि घर स्वतःच्या त्या वयासाठीच बांधतो. घराचे आयुष्य मात्र त्याच्या आयुष्याहून मोठे असते, आणि त्याचे म्हातारपणही त्याच घरात येणार असते.

म्हणून मला अरण्यमधली ‘वाढत जाणारे घर’ ही कल्पना गरिबांच्या सोयीपुरती वाटत नाही. दोशींचा जन्म लाकडी सामान करणाऱ्या कुटुंबातला. वस्तू माणसाच्या अंगाला कशी लागते हे त्यांना लहानपणीच कळले असावे. घराला शेवटचे पान नसते, हा त्यांच्या कामाचा अर्थ मी माझ्यापुरता घेतो. आपण मात्र पहिल्याच दिवशी ‘समाप्त’ लिहून मोकळे होतो.

*

दोष कोणाचा? गवंड्याचा नाही. वीट कशी लावावी हे त्याला आपल्याहून चांगले कळते. जवळच खानापूरची वीट आणि कौल आहे, भोवती जांभा आहे. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेल्या आणि १९४५ मध्ये भारतात येऊन इथलाच झालेल्या लॉरी बेकर यांनी केरळात उघड्या विटांची, जाळीदार भिंतींची, पुढे आलेल्या छपरांची कितीतरी घरे बांधली. वीट उभी लावून मध्ये पोकळी ठेवायची त्यांची रीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते, आणि पोकळीमुळे ऊनही कमी आत येते. हे ज्ञान गुप्त नाही. वास्तुकाराचाही सगळा दोष नाही. मालक मोबाइलवर छायाचित्र दाखवून ‘असंच हवं’ म्हणत असेल तर त्याने किती भांडावे?

दोष निर्णयांच्या क्रमात आहे. आधी छायाचित्र, मग नकाशा, मग कर्ज, आणि शेवटी राहणे. घरातल्या बाईचे मत घेतले जाते ते पडद्यांच्या रंगाविषयी, म्हणजे सगळे ठरून झाल्यावर. वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने चूल आग्नेयेला जाते, देव ईशान्येला जातात, त्यावर महिनाभर खल होतो. पण पाऊस कुठल्या दिशेने येतो, यावर त्या घरात एक संध्याकाळही चर्चा झालेली नसते. दिशांची एवढी जाण असलेल्या समाजाने पावसाची दिशा विसरावी याचे मला नवल वाटते.

याला अपवाद आहेत. शहापूर भागातल्या एका घराचा उल्लेख करतो, नाव सांगत नाही. साइट तीच तीस बाय चाळीस. पुढे पाच फुटांची पडवी, तिच्यावर उतरते कौलारू छप्पर, खाली कडाप्प्याचा लांब कट्टा. मोटार रस्त्यावर राहते, तिला पावसाची सवय झाली आहे. स्वयंपाकघरामागे चार बाय सहाची कोठी आणि तिच्यापलीकडे छपराखालची मोरी. कट्टा घरातल्या दोघी बायकांच्या कोपरांची उंची मोजून बांधला, एक भाग थोडा खाली. तळमजल्याच्या न्हाणीघराचे दार तीन फुटांचे. जुन्या घराचे सागवानी दार माजघराला वापरले आहे. खोटे छत नाही आणि त्याच्या वाचलेल्या पैशांत भिंतभर पुस्तकांच्या फळ्या झाल्या. निर्दोष नाही हेही घर. पश्चिमेच्या खोल्या मेमध्ये तापतात, आणि जिना अरुंद आहे. छायाचित्रात हे घर अगदी साधारण दिसेल. पण जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता मी तिथे गेलो, तेव्हा खिडक्या उघड्या होत्या, पाऊस पडत होता, कट्ट्यावर एक भाजीवाली पाऊस थांबायची वाट पाहत बसली होती, आणि आत कोणाचीही त्यामुळे धांदल उडालेली नव्हती.

घराची परीक्षा अशा मंगळवारी होते, वास्तुशांतीच्या रविवारी होत नाही. त्या रविवारी घरात फुले असतात, आचारी बाहेर मांडवात असतो आणि म्हातारी माणसे खुर्चीवर बसवलेली असतात. घराला त्या दिवशी घराचे कामच करावे लागत नाही.

समीक्षक म्हणून कोणाच्या आनंदावर विरजण घालावे असे मला वाटत नाही. बांधून झालेल्या घरात खोट काढून आता भिंत हलणार नाही, तेव्हा तिथे ‘छान झालंय’ हेच बोलावे. पण ज्यांचा नकाशा अजून कागदावर आहे असे कोणी ना कोणी आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचे असते. कागदावर रेघ पुसायला खोडरबर पुरते. अशा माणसाने नकाशा दाखवला तर कौतुक करण्याआधी त्याला दोन-चार साधे प्रश्न विचारावेत. तांदळाचे पोते कुठे उतरणार? आई न्हाणीघरात कशाला धरून उभी राहणार? भांडी घासणारी बाई पावसात कुठे बसणार? आणि जूनमध्ये कोणी भिजत आला, तर दार उघडण्याआधी त्याने ओली छत्री ठेवायची कुठे?